मूडचा आजार असलेल्या मुलासाठी शाळेकडे काय मागायचं, कसं मागायचं

निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि सोमवारपासून मूल पुन्हा शाळेत जाणार. इथे बरेच आईवडील शाळेला काहीच सांगत नाहीत. काहीजण मुख्याध्यापकांसमोर बसून सगळं सांगून मोकळे होतात. मी दुसरं केलं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि बायपोलरचं, म्हणजे कधी तेजी तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराचं, निदान नुकतंच झालं होतं. मोठ्या बाईंनी मनापासून ऐकलं, पाणी दिलं, "काळजी करू नका, आम्ही लक्ष ठेवू" म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पहिल्या तासाला तिने बाकावर डोकं टेकलं, म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. सकाळी सात दहाची शाळा, आणि रात्रीच्या गोळीची गुंगी नऊ-साडेनऊपर्यंत उतरत नव्हती. मी आजार सांगितला होता, पहिल्या तासाचं सांगितलंच नव्हतं.

म्हणून जे आत्ता या वाटेला लागलेत त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: शाळेला आजाराचं नाव कमी आणि वर्गातली अडचण जास्त सांगा. शिक्षक डॉक्टर नसतात, पण "सकाळी दोन तास हिला लिहायला जमत नाही" हे त्यांना लगेच समजतं आणि त्यावर काहीतरी करताही येतं.

आधी पंधरा दिवसांची वही

शाळेत जाण्याआधी घरी तयारी करा. मूडचे आजार मुलांमध्ये मोठ्या माणसांसारखे दिसतीलच असं नाही. नैराश्य आलेलं मूल उदास दिसण्याऐवजी चिडचिडं, उलट उत्तरं देणारं दिसू शकतं. वर्गात ते "उद्धट झालाय" ठरतं. अभ्यासात लक्ष न लागणं, साधा निर्णय न घेता येणं, हातपाय जड होणं ही आजाराचीच लक्षणं, पण प्रगतिपुस्तकात त्यावर "आळस" असा शेरा येतो. बायपोलरमध्ये तेजीचे दिवस आले की मूल चार तास झोपूनही ताजंतवानं, एकामागून एक बोलणारं, स्नेहसंमेलनाचं सगळं आपणच करतो म्हणणारं होतं. तेव्हा त्याचं कौतुक होतं, आणि पुढच्या महिन्यात तेच मूल अंथरुणातून उठत नाही तेव्हा "नाटकं" म्हणतात.

आपण एकटे नाही हेही लक्षात असू द्या. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. साठ जणांच्या वर्गात ही चारेक मुलं होतात. तुमच्या मुलाच्या बाईंनी अशी मुलं आधी पाहिलेली असणार, फक्त त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसेल.

एक दोनशे पानी वही घ्या. रोज झोप किती, सकाळी उठताना कसं, कुठल्या तासाला काय झालं, डबा खाल्ला का, घरी आल्यावर कसं, एवढंच लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "मंगळवार. झोप 1.20 ते 6. पहिला तास गणित, वही कोरी. दुसरा तास हिंदी, फळ्यावरचं अर्धं उतरवलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. पाचवा तास चित्रकला, पूर्ण केलं. बसमध्ये रडली." दहा-बारा दिवस लिहिल्यावर दिसलं की दहा वाजल्यानंतरची मुलगी जवळजवळ पूर्वीसारखी आहे. गणित तिला येत नव्हतं असं नाही, ते चुकीच्या वेळेला होतं. ही एक गोष्ट कळली आणि काय मागायचं ते ठरलं.

मुलाला विचारा

शाळेत कुणाला किती सांगायचं, हे मुलाशी बोलून ठरवा, निदान पाचवीच्या पुढच्या मुलांशी तरी. माझ्या मुलीची अट एकच होती: पी.टी.च्या सरांना काही सांगायचं नाही, कारण त्यांची मुलगी तिच्याच वर्गात होती. मला ते सुचलं नसतं. मैत्रिणींनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तेही घरी एकदा बोलून ठेवा. "तब्येतीची औषधं चालू आहेत" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

डॉक्टरांकडून कोणता कागद घ्यायचा

मानसोपचारतज्ज्ञांना नुसतं "शाळेसाठी सर्टिफिकेट द्या" म्हटलं की ते दोन ओळींत निदान आणि "उपचार सुरू आहेत" असं लिहून देतात. शाळेला त्याचा काही उपयोग नाही. वही सोबत न्या आणि तीन गोष्टी मागा: आजारामुळे आणि औषधांमुळे शाळेत नेमकं काय अवघड जातं, त्यासाठी कोणत्या सोयी द्याव्यात, आणि त्या किती काळ. "सकाळच्या पहिल्या दोन तासांत गुंगीमुळे लेखन मंदावते, या तासांत चाचणी घेऊ नये, पुढील सहा महिने" असं वाक्य असलं की मुख्याध्यापकांना निर्णय घेता येतो.

रुग्णालयाची फाइल शाळेला देऊ नका. डिस्चार्जच्या कागदावर घरातल्या दहा गोष्टी असतात, वर "एफ 31" असा कोड असतो, जो बायपोलरचा आहे, आणि कागद ऑफिसातून स्टाफरूममध्ये जायला वेळ लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017च्या कलम 23नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. शाळेने डॉक्टरांना थेट फोन करून तपशील मागितले तर ते तुमच्या संमतीशिवाय देणार नाहीत. संमती द्यायचीच तर कुणाला आणि कशापुरती, ते लिहून द्या.

भेट

पालकसभेच्या दिवशी बोलू नका. मागे तीस पालक रांगेत असतात. वेगळी वेळ मागा, वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक दोघांनाही बसू द्या, समुपदेशक असतील तर त्यांनाही. घरातून दोघं जा. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं.

सुरुवात मुलाला काय जमतं तिथून करा. मग वहीतली दोन-तीन उदाहरणं, मग मागणी. आणि बाईंना विचारा, "तुम्हाला वर्गात काय दिसतं?" आमच्या वर्गशिक्षिकेने त्या दिवशी सांगितलं की ही कधीकधी एकाच पानावर तीन रंगांच्या पेनांनी भराभर लिहिते, सगळं अक्षर वेगळं. आम्हाला घरी हे दिसलंच नव्हतं. डॉक्टरांना सांगितल्यावर कळलं की तेजी चढण्याची ती आमच्या मुलीची पहिली खूण आहे. पुढे दोन वेळा बाईंचाच फोन आधी आला. शिक्षकांच्या हाताखाली साठ मुलं, वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. त्यांना दोषी धरून खोलीत शिरलात तर हे असं काही हाती लागणार नाही.

काय मागायचं

मागण्या थोड्या ठेवा, पहिल्या फेरीत चार किंवा पाच. ज्यांना पैसा लागत नाही आणि इतर मुलांच्या नजरेत येत नाही अशा आधी.

आमच्यासाठी सर्वांत मोलाची ठरलेली सोय म्हणजे वर्गातून उठून जाण्याची परवानगी. बाईंनी एक पिवळं कार्ड दिलं होतं, कंपासपेटीत मावेल एवढं. छातीत धडधडायला लागलं किंवा रडू येतंय असं वाटलं की ते बाकाच्या कडेला ठेवायचं आणि उठून ग्रंथालयात जायचं. काही बोलायचं नाही, कुणी विचारायचं नाही. दहा मिनिटांनी परत यायचं. ग्रंथालयाच्या बाईंना माहीत होतं. पहिल्या महिन्यात तिने ते अकरा वेळा वापरलं, चौथ्या महिन्यात दोनदा. "मग सगळीच मुलं मागतील" ही शंका शाळा हमखास काढते. त्यावर एक महिना करून पाहू, एवढंच म्हणा.

औषधांबद्दलच्या सोयी छोट्या वाटतात, पण त्या कधीच सोडू नका. लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्या मुलाला खूप तहान लागते, वारंवार लघवीला जावं लागतं, हात किंचित थरथरतात. बाटली बाकावर ठेवण्याची आणि न विचारता बाथरूमला जाण्याची मुभा हवीच. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं असतं, म्हणून एप्रिलच्या उन्हात कवायतीला उभं करू नये. शाळेच्या आजारी खोलीत डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनची (ब्रुफेनची) गोळीही देऊ नये, कारण तिनेही लिथियम वाढतं. हे मी लाल अक्षरांत लिहून दिलं होतं. काही औषधांनी भूक आणि वजन वाढतं. वर्गात त्यावरून चिडवणं सुरू झालं तर शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवावं, हेही मागा.

अभ्यासाबद्दल मागताना बुडालेल्या अभ्यासाचा प्रश्न आधी सोडवा. तीन आठवडे शाळा बुडाली की सात विषयांच्या वह्या पूर्ण करायच्या राहतात, आणि मूल शाळेला घाबरण्यापेक्षा त्या ढिगाला जास्त घाबरतं. जुनं उतरवून काढायला लावू नका, झेरॉक्स चिकटवू द्या, फक्त पुढच्या धड्याला लागणारा भाग शिकवा, असं स्पष्ट मागा. लांबच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा दोन-तीन तासच, मग अर्धा दिवस, मग पूर्ण, असं परतणं ठरवून घ्या. घटक चाचणी उशिराच्या तासाला घ्यावी, वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये, तोंडी परीक्षा वेगळी घ्यावी, अशा मागण्या आजार कसा आहे त्यावर ठरतात. तुमच्या वहीत जे नाही ते मागू नका.

तेजीच्या दिवसांसाठीही काहीतरी ठरवून ठेवा. त्या काळात मूल स्वतःहून नाटक, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन सगळ्यात नाव देतं. नवी जबाबदारी देण्याआधी शाळेने घरी एक फोन करावा, ही विनंती आम्ही केली होती.

लेखी, आणि पोच घेऊन

बैठकीत जे ठरलं ते त्याच आठवड्यात अर्जात लिहून द्या. भाषा साधी ठेवा:

"मा. मुख्याध्यापिका यांस. विषय: इयत्ता आठवी (ब) मधील माझ्या मुलीसाठी वर्गातील सोयींबाबत. महोदया, माझी मुलगी वैद्यकीय उपचार घेत आहे. औषधांमुळे सकाळच्या पहिल्या दोन तासांत तिला गुंगी असते. तज्ज्ञांचे पत्र सोबत जोडले आहे. आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार पुढील सोयी मिळाव्यात ही विनंती." मग क्रमांक घालून मागण्या, आणि शेवटी: "सहा आठवड्यांनी आपण एकत्र आढावा घ्यावा."

दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. लिपिक म्हणतील, "ठेवून जा, साहेबांना देतो." थांबा, शिक्का घेऊनच या. वर्गशिक्षिका बदलते, मुख्याध्यापक निवृत्त होतात, शिक्का मारलेला कागद राहतो.

कायदा किती माहीत हवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि त्यात मानसिक आजार आहे. त्याच्या व्याख्येत मनःस्थितीचा गंभीर बिघाडही येतो. कलम 16 प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या. कलम 17मध्ये परीक्षा पद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक यांचा उल्लेख आहे. "40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तरच" असं शाळा म्हणेल. आरक्षणासारख्या काही लाभांना ती अट आहे, पण वाजवी सोयीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021च्या विकास कुमार प्रकरणात लेखनिकाबाबत हेच म्हटलं: 40 टक्क्यांच्या खाली आहे म्हणून सोय नाकारता येणार नाही.

जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. तुमच्या शाळेत समुपदेशक नसेल तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

पहिल्याच भेटीत मात्र कलमं काढू नका. कायदा पिशवीत असू द्या. दहापैकी आठ गोष्टी वहीने आणि बोलण्याने होतात.

दहावी-बारावी

बोर्डाच्या सवलतींची हालचाल नववीत सुरू करा, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून काही होत नाही. अर्ज शाळेमार्फत जातो, राज्य मंडळाचा असेल तर विभागीय मंडळाकडे. खासगी डॉक्टरांचं पत्र इथे पुरत नाही, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं असेल तर 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. काढायचं की नाही, हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. आम्ही सहा महिने विचार केला आणि काढलं, कारण मुलगी स्वतः म्हणाली, "पेपर अर्धा राहिला तर मला जास्त वाईट वाटेल." सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाणार असं दिसलं तर गैरहजेरीच्या प्रत्येक टप्प्याचे वैद्यकीय दाखले त्याच वेळी शाळेत जमा करा, वर्षअखेरीस गठ्ठा नेऊ नका.

नियमित शाळा काही काळ झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा पर्याय आहे. दहावी-बारावीचे विषय एकेक करत पाच वर्षांत पूर्ण करता येतात. हा पर्याय तुम्ही निवडायचा असतो. शाळेला नकोसं झालेलं मूल तिकडे ढकललं जात असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

धोक्याच्या दिवसांसाठी

हे बोलायला जड जातं, तरी पहिल्या महिन्यातच बोला. मुलाने मरणाबद्दल काही म्हटलं, वहीत लिहिलं, मैत्रिणीला मेसेज केला, तर शाळेने काय करायचं ते कागदावर ठरलेलं असू द्या. मुलाला एकटं सोडायचं नाही. त्याच्याशी नातं असलेली एक मोठी व्यक्ती शेजारी बसेल, तिचं नाव ठरलेलं हवं. आईला फोन, लागला नाही तर बाबांना, मग मामाला किंवा शेजारच्या काकूंना. मूल एकटं रिक्षाने घरी पाठवायचं नाही. रागवायचं नाही, "असं बोलतात का" म्हणायचं नाही, ऐकून घ्यायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि शिक्षकही तिथे सल्ला विचारू शकतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे. दोन्ही क्रमांक आम्ही अर्जाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते.

नाही म्हणाले तर

तोंडी नकार आला की तोच नकार लेखी मागा. बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला, तर संस्थेच्या कार्यवाहांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज करा, मग शिक्षणाधिकाऱ्यांना, प्राथमिकचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष तज्ज्ञांना भेटा, ती माणसं खरंच उपयोगी पडतात. त्यापुढे पुण्यातलं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आणि मुंबईतला राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

एक गोष्ट कधीही करू नका. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो, दाखला काढून घ्या" असं म्हणत समोर कोरा अर्ज सरकवला तर त्यावर सही करू नका. सही केली की कागदोपत्री तुम्ही स्वेच्छेने शाळा सोडली असं होतं आणि पुढचे सगळे दरवाजे अवघड होतात. "घरी विचार करून सांगतो" म्हणा आणि उठा. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 16प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालापासून या कायद्याबाहेर आहेत. दिव्यांग हक्क कायदा मात्र त्यांच्या मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे.

दर जूनला

वर्ग बदलला की सगळं पुन्हा सांगावं लागतं. शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात शिक्षक शाळेत येऊ लागतात, तेव्हाच नव्या वर्गशिक्षिकेला भेटा. एका पानावर लिहून न्या: हिला काय आवडतं, काय अवघड जातं, बिघडतंय याच्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन. जुन्या बाईंना सोबत येण्याची विनंती करा. आमच्या आल्या. नववीच्या बाईंना त्यांनी कागद वाचू दिला आणि मग म्हणाल्या, "ती तीन रंगांच्या पेनांनी लिहायला लागली की लगेच फोन करा." नव्या बाईंनी ते पानाच्या समासात लिहून घेतलं आणि पान हजेरीपटाच्या आत ठेवलं.